काँक्रीट सायलो : रिंगची सळी, सरकता साचा आणि माल काढण्याची शिस्त

रिंगसळी

एकच उदाहरण धरून धागा सुरू करतो, म्हणजे सगळ्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येतील. गव्हाचा गोल सायलो, म्हणजे माल साठवायची उंच टाकी, आतला व्यास १२ मीटर, धान्याची उंची ३० मीटर, भिंत २५० मिमी.

इतक्याच खोलीचं पाणी असतं तर तळाशी भिंतीवर सुमारे ३०० किलोपास्कल दाब आला असता. धान्याचं तसं नाही. दाणा भिंतीला घासतो आणि आपलं बरंचसं वजन तिच्यावर टाकतो. यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ मध्ये मांडलेलं समीकरण आजही याचा पाया आहे. घनता ९ किलोन्यूटन प्रति घनमीटर, भिंतीशी घर्षणांक ०.४ आणि आडव्या-उभ्या दाबाचं गुणोत्तर ०.५ घेतलं, तर ३० मीटर खोलीवर आडवा दाब येतो साधारण ५८ किलोपास्कल. धान्याचं एकूण वजन ३०,५०० किलोन्यूटन. त्यातलं तळावर उतरतं फक्त १३,२०० आणि उरलेलं १७,३०० भिंत पायापर्यंत नेते.

हा भरून शांत बसलेल्या सायलोचा दाब झाला. खालचं गेट उघडून माल हलायला लागला की दाब वाढतो. ईएन १९९१-४ या युरोपीय मानकात उंच सडपातळ सायलोसाठी आडव्या दाबावर १.१५ चा गुणक आहे, शिवाय एखाद्या ठिकाणी एकवटलेला जादा दाब वेगळा धरावा लागतो. ५८ चे झाले ६७. त्रिज्या ६ मीटर, म्हणजे भिंतीच्या प्रत्येक मीटर उंचीत सुमारे ४०३ किलोन्यूटन ताण.

तो ताण रिंग सळी, म्हणजे भिंतीत गोल फिरणारी आडवी सळी, घेते. १६ मिमी सळी, आतल्या-बाहेरच्या दोन्ही थरांत २०० मिमी अंतराने टाकली तर मीटरमागे २,०१० चौरस मिमी स्टील मिळतं आणि सळीतला ताण २०० एमपीएच्या (मेगापास्कल) आसपास राहतो. नुसत्या ताकदीसाठी यापेक्षा कमी स्टील पुरतं. पण भेग ०.२ ते ०.२५ मिमीच्या आत ठेवायची असेल तर इतकं लागतंच.

माझं मत असं, की सायलोचं मोठं नुकसान बहुतेक वेळा दोन वाटांनी येतं. रिंग सळी नकाशात असते पण भिंतीत नसते, नाहीतर माल मधून न निघता एका कडेने निघतो. दोन्हींवर सविस्तर चर्चा व्हावी.

ओळंबा

बांधकामापासून सुरुवात करू. या उंचीला आज सर्रास स्लिपफॉर्म, म्हणजे काँक्रीट ओतत वर सरकणारा साचा, वापरतात. साच्याची उंची १.० ते १.२ मीटर. तो योकला (साच्याच्या दोन्ही बाजू धरणारी चौकट) टांगलेला असतो आणि योकवरचा हायड्रॉलिक जॅक एका सळीला धरून वर चढतो. योकमधलं अंतर दोन मीटर धरलं तर या भिंतीला १९-२० योक लागतात. जॅकची एक चाल २५ मिमी, म्हणजे ताशी २० सेंमी चढायचं तर दर साडेसात मिनिटांनी एक चाल.

काँक्रीट मीटर उंचीमागे ९.६ घनमीटर लागतं. थर २० सेंमीचा ठेवला तर एका फेरीला जेमतेम दोन घनमीटर. ऐकायला कमी वाटतं, पण हे रात्रंदिवस न थांबता चालतं, आणि त्यातच सळी बांधणं, ओपनिंगच्या चौकटी, इन्सर्ट (भिंतीत पुरायचे लोखंडी भाग), खालच्या टांगत्या फळीवरून भिंत घोटणं हे सगळं असतं. वेग ठरवतं ते काँक्रीटचं सेटिंग, म्हणजे घट्ट होणं. जॅकमध्ये किती जोर आहे हा प्रश्न नंतरचा.

वेग काढायची सोपी रीत सांगतो. साच्याच्या उंचीतून वरची रिकामी पट्टी ५ सेंमी आणि खाली घट्ट झालेला भाग ४० सेंमी वजा करा, उरलेल्या उंचीला सेटिंगच्या तासांनी भागा. १२० सेंमीचा साचा आणि ४ तासांचं सेटिंग असेल तर ७५ भागिले ४, म्हणजे ताशी सुमारे १९ सेंमी. घट्ट थर कुठवर आलाय हे १२ मिमीची सळी वरून खुपसून बघतात. सळी अडली की तिथे कडक थर. तो फार वर आला तर साचा काँक्रीटला चिकटून ओढतो आणि भिंतीत आडव्या भेगा पडतात. फार खाली गेला तर साच्याखालून काँक्रीट फुगून बाहेर येतं.

साचा खालच्या बाजूला काही मिमी रुंद ठेवावाच लागतो. तो उतार उलटा झाला किंवा साचा मळला, की घर्षण वाढतं आणि कव्हर (सळीवरचं काँक्रीट) खरवडून निघतं.

नवखा

@ओळंबा, हल्ली स्लॅग (पोलाद भट्टीची मळी) किंवा फ्लाय ॲश (कोळशाची राख) जास्त घातलेलं सिमेंट आग्रहाने मागतात. मग सेटिंग लांबल्यावर स्लिपफॉर्मचं गणित कसं बसवायचं?

ओळंबा

तेच सूत्र लावून बघा. ४ चे ७ तास झाले तर ७५ भागिले ७, वेग ताशी ११ सेंमीवर येतो. ३० मीटरची भिंत साडेसहा दिवसांऐवजी साडेअकरा दिवस चालेल. पाळ्या, लाइट, सळीपुरवठा सगळंच त्या प्रमाणात वाढतं. पर्याय तीन: सेटिंग लवकर करणारं रसायन, गरम पाणी वापरून काँक्रीटचं तापमान वाढवणं, किंवा साचाच १.५ मीटर उंच घेणं. मी पहिले दोन एकत्र करून आधी नमुना चाचणी घेण्याच्या बाजूचा आहे. दिवसाचं, रात्रीचं आणि थंडीतलं असे तीन वेगळे मिक्स आधीच तयार हवेत, कारण दुपारी तापलेला साचा आणि पहाटेचा गार साचा एकाच मिक्सला साथ देत नाहीत.

इथे नव्या साधनांचा खरा उपयोग होतो. भिंतीत पेरलेले बिनतारी तापमान सेन्सर, त्यावरून काढलेली मॅच्युरिटी (काँक्रीट किती पक्कं झालं याचा अंदाज) आणि प्रत्येक जॅकची पातळी एकसारखी ठेवणारी नियंत्रण प्रणाली. ओळंब्याला लेसरची जोड मिळाली आहे. तरीही काँक्रीट एकाच दिशेने गोल फिरत ओतत राहिलात तर साचा हळूहळू पिळतो. प्रत्येक थराला दिशा उलटी करा. तिरका झालेला प्लॅटफॉर्म एका झटक्यात सरळ करू नका, मीटर-दोन मीटर उंचीत सावकाश ओळीवर आणा.

थांबावं लागलं तर साचा तसाच सोडायचा नाही. ओतणं बंद झालं तरी थोड्या थोड्या वेळाने एकेक चाल देत राहायचं, साचा मोकळा होईपर्यंत. नंतर सांधा खरखरीत करून, धुऊन पुढचं काम सुरू करायचं.

फिटर

रिंग सळी राहून जाण्याबद्दल. साचा वर सरकला की ती जागा पुन्हा दिसत नाही. ३० मीटरला २०० मिमी अंतराने १५० पातळ्या, प्रत्येक पातळीवर दोन थर. सळी ६ मीटर लांबीची घेतली तर लॅप (दोन तुकड्यांची एकमेकांवर येणारी टोकं) धरून एका रिंगला ८ तुकडे. एकूण २,४०० तुकडे, आणि त्यातले निम्मे रात्रीच्या पाळीत बसवायचे. डोळ्यांवर विसंबून हे होत नाही.

पद्धत अशी:

चार-सहा उभ्या सळ्यांवर २०० मिमीच्या खुणा रंगाने आधीच मारून ठेवायच्या. प्रत्येक पातळीचं बंडल वेगळं बांधून, त्यावर क्रमांकाचा बिल्ला लावून वर पाठवायचं. पातळी पूर्ण झाली की बिल्ले परत घ्यायचे. पाळी बदलताना बिल्ले आणि साच्याची उंची जुळली पाहिजे. जुळत नसेल तर जॅक थांबतो, मग ओतणाऱ्यांनी कितीही घाई केली तरी.

लॅप एकाच उभ्या रेषेत येऊ देऊ नका. एसीआय ३१३ या अमेरिकी मानकात लॅप सरकवून टाकायला सांगितलंय आणि एकाच रेषेत तिसऱ्या रिंगेआधी पुन्हा लॅप येऊ नये असा दंडक आहे. सगळे लॅप एका रेषेत आले तर भिंत तिथेच झिपरसारखी उघडते. लॅपची लांबीही नकाशापेक्षा थोडी जास्त घ्या, कारण साच्याच्या आत बांधताना सळी सरकते. सळी साच्यापासून दूर ठेवणाऱ्या कव्हर ब्लॉकवर भरवसा ठेवू नका. चालता साचा त्यांना ओढतो. साच्यालाच वरून लोखंडी कव्हर पट्ट्या लावायच्या, त्या सळीला आत धरून ठेवतात.

केबल

@रिंगसळी, तुमच्या हिशोबात तापमान नाही. गव्हाला चालेल, सिमेंट-क्लिंकरला (क्लिंकर म्हणजे दळण्याआधीचे सिमेंटचे भाजलेले खडे) नाही. गिरणीतून येणारं सिमेंट ८०-१०० अंशांचं असू शकतं. आतली बाजू गरम आणि बाहेरची गार राहिली की बाहेरच्या थरातल्या सळीवर जादा ताण येतो. म्हणून तिथे बाहेरच्या बाजूला जास्त स्टील लागतं.

व्यास वाढला की साध्या सळीऐवजी पोस्ट-टेन्शनिंग, म्हणजे काँक्रीट घट्ट झाल्यावर केबल ताणणं, बरं पडतं. भिंतीला बाहेरून ३ किंवा ४ उभे बट्रेस (भिंतीचे जाड खांब), त्यात केबलची टोकं धरणारे अँकर, आणि एका आड एक केबलचे अँकर वेगवेगळ्या बट्रेसवर. १५.२ मिमीच्या स्ट्रँडची (पोलादी तारांचा पीळ) तुटण्याची ताकद २६०.७ किलोन्यूटन. ७५ टक्क्यांना ताणली तर १९५, आणि घर्षण, अँकरचा सरक, क्रीप (दाबाखाली काँक्रीटचं हळूहळू आखडणं) वजा जाता सरासरी १५० धरा. तुमच्या ४०३ किलोन्यूटनला थोडं दडपण शिल्लक ठेवायचं तर मीटरमागे तीन स्ट्रँड, म्हणजे ३३ सेंमीला एक. ग्रीस भरलेल्या, प्लास्टिकच्या आवरणातल्या एकेरी स्ट्रँडचा घर्षणांक ०.०५ ते ०.०७, डक्टमध्ये (नळीत) सिमेंटने भरून ग्राउट केलेल्या केबलचा ०.१८ ते ०.२०. गोल भिंतीत वळण मोठं असल्याने हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

चूक होते ती ताणण्याच्या क्रमात. एका बाजूच्या सगळ्या केबल आधी ताणल्या तर गोलाचा अंडाकार होतो. समोरासमोरच्या बट्रेसवरून, टप्प्याटप्प्याने ताणायच्या, आणि प्रत्येक केबलची लांबीवाढ हिशोबाशी ताडून लिहून ठेवायची. दुसरी अडचण म्हणजे वक्र केबल भिंतीला आतल्या बाजूला ओढते. केबलच्या पातळीत भिंतीच्या जाडीतून जाणाऱ्या आडव्या चाव्या (बांधणीच्या सळ्या) नसतील तर भिंत जाडीतच दोन पापुद्र्यांत सुटते.

गेटवाला

आता माल निघण्याकडे येऊ, कारण चांगली भिंतसुद्धा इथे मार खाते.

तळाच्या मधल्या आउटलेटमधून (माल निघायचं तोंड) माल निघाला तर दाब चौफेर सारखा. आउटलेट बाजूला असेल, किंवा मध्ये असूनही हॉपरची (तळाचा नरसाळ्यासारखा भाग) एक कड चिकटल्यामुळे वाट एका बाजूने पडली असेल, तर भिंतीलगत हलत्या मालाची एक उभी नळी तयार होते. त्या नळीत दाब कमी, तिच्या दोन्ही कडांना जास्त. भिंत नळीसमोर आत दबते आणि कडांपाशी जास्त वाकते. नळीसमोर आतली बाजू ताणली जाते, कडांपाशी बाहेरची. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला आउटलेटच्या दोन्ही अंगांना दोन उभ्या पट्ट्यांत भेगा दिसतात. हा नमुना ओळखता आला पाहिजे. समान अंतरावरच्या बारीक उभ्या भेगा आणि हा नमुना यांचा अर्थ पूर्ण वेगळा आहे.

हॉपरचा उतार अंदाजाने ठरवू नये. मालाचा नमुना कातर चाचणीला (माल किती जोराने घसरतो याची चाचणी) द्या. जेनिकने १९६० च्या दशकात घालून दिलेल्या या पद्धतीने हॉपरचा कोन आणि आउटलेटचा किमान व्यास दोन्ही काढता येतात. माल बदलला तर चाचणी नव्याने करायची. गव्हासाठी बांधलेल्या सायलोत दुसरं काही भरण्यापूर्वी भिंतीचा हिशोबही पुन्हा झाला पाहिजे.

एकापेक्षा जास्त आउटलेट असतील तर उघडण्याचा क्रम लिहून पॅनेलपाशी लावा. आधी मधलं, मग समोरासमोरच्या जोड्या. "जे गेट जवळ ते उघडलं" ही सवय भिंतीला मारते.

सिमेंटघर

सिमेंट सायलोत हवा सोडण्याबद्दल एक महत्त्वाची भर. तळाला कापडी एअरस्लाइड (हवेवर माल सरकवणारा उतार), ब्लोअरची हवा साधारण ०.५ बार, आणि तळाचे भाग आलटून पालटून चालतात. मोठ्या व्यासाला उलटा शंकू देतात, त्यामुळे माल कडेच्या विभागांतून क्रमाने निघतो. हे सगळं ठीक. पण ब्लेंडिंगसाठी (माल आत मिसळण्यासाठी) अख्खा तळ एकदम हवेवर घेतला की सिमेंट द्रवासारखं वागतं आणि यान्सेनचं घर्षण तिथे उरत नाही. ईएन १९९१-४ मध्ये अशा वेळी घनतेच्या ०.८ पट द्रवदाब धरायला सांगितलंय. सिमेंटची घनता १६ किलोन्यूटन प्रति घनमीटर घेतली तर १० मीटर द्रवावस्थेतल्या थराला १२८ किलोपास्कल. जुन्या सायलोत नंतर जादा हवा बसवणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा.

टँकरमधून हवेने भरणा होतो तिथे छतावरचा फिल्टर आणि प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह दर आठवड्याला बघा. फिल्टर चोंदला आणि व्हॉल्व्ह सिमेंटने जाम झाला की छत उचललं जातं.

नवखा

भेगा तपासायच्या तर सुरुवात कशाने करावी? सगळे ड्रोनचं नाव घेतात.

भेगमापक

ड्रोन चांगला आहे, पण तो वरवरचं दाखवतो. त्याचे फोटो भिंतीच्या उलगडलेल्या नकाशावर मांडले तरच कामाचे, नाहीतर हजार फोटो आणि अर्थ शून्य. पुढचं काम दोरीवरून भिंतीपाशी जाऊनच होतं.

क्रम असा ठेवा. आधी हातोडी. पोकळ आवाज आलेली जागा खडूने आखा. मग कव्हर मीटर (काँक्रीटमधली सळी शोधणारं उपकरण) आणि जमिनीचा रडार म्हणतात ते उपकरण घेऊन रिंग सळ्या मोजा. २०० मिमीला एक अपेक्षित असताना ४०० चं अंतर दिसलं तर @फिटर म्हणतात ती राहिलेली सळी सापडली. त्यानंतर भिंतीतून काँक्रीटचा गाभा काढून ताज्या तुटीवर फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलणारं द्रावण). गुलाबी रंग आला तिथवर काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, रंग न आलेला भाग कार्बोनेट झालेला. तो भाग सळीपर्यंत पोचला असेल तर गंजाची तयारी झाली. अर्ध-सेल विभव (गंज ओळखायला सळीचा मोजलेला विद्युत दाब) तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आलं तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, आणि उणे २०० पेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची शक्यता तितकीच. मधल्या पट्ट्यातल्या आकड्यावरून निर्णय घेऊ नका.

आतून साठलेल्या थराचा अंदाज त्रिमिती लेसर स्कॅनने किंवा छतावरच्या स्कॅनरने घेता येतो. एका बाजूला चिकटलेला थर म्हणजे माल दुसऱ्या बाजूने निघतोय, हे @गेटवाला यांनी सांगितलंच आहे.

केबल

दुरुस्तीचा मुद्दा. हल्ली कार्बन फायबर गुंडाळणं हे सगळ्यावरचं औषध असल्यासारखं विकलं जातं. त्याला माझा विरोध आहे.

रिंगसळी

विरोध सरसकट का? गोल भिंतीला कोपरे नाहीत, गुंडाळायला आदर्श आकार. वजन नगण्य, काम लवकर, आतली साठवण तेवढीच राहते.

केबल

गव्हाच्या सुट्या सायलोला, तो पूर्ण रिकामा करून, पृष्ठभाग नीट तासून केलं तर मान्य. पण भरलेल्या सायलोवर लावलं तर आधीच आलेला ताण सळीतच राहतो, फायबर पुढच्या वाढीपुरतंच कामाला येतं. इपॉक्सी साधारण ६०-८० अंशांनंतर मऊ पडतं, म्हणून गरम सिमेंट-क्लिंकरच्या भिंतीवर मी ते लावणार नाही. आणि एकमेकांना चिकटलेल्या सायलोंच्या रांगेत सलग वेढा घालायला जागाच नसते.

बाहेरून ताणलेल्या केबल भिंतीला दाब देतात, भेगा मिटवतात. आतून १२५ मिमी सळईबंद शॉटक्रीटचं (फवारलेलं काँक्रीट) अस्तर हा दुसरा मार्ग. रांगेतल्या सायलोला बहुधा तोच उरतो. त्यात १२ मीटरचा व्यास ११.७५ होतो, म्हणजे साठवण सुमारे ४ टक्के घटते. पायावर वाढणारं वजन मात्र तपासायला विसरू नका.

रिंगसळी

तापमानाचा मुद्दा पटला. धान्याच्या सुट्या सायलोपुरतं माझं म्हणणं कायम ठेवतो.

गेटवाला

सफाई आणि आत उतरणं याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. यात जीव जातात.

अडकलेल्या मालाला आधी मध्ये उभी वाट करून द्यायची, मग वरून सोडलेल्या फिरत्या चाबकाच्या यंत्राने थर खालून वर कापत यायचं. एका बाजूचा पूर्ण थर आधी पाडून दुसरी बाजू तशीच ठेवली तर भिंतीवर पुन्हा तोच एकतर्फी भार. माणूस आत नसताना हे होतं, हाच या यंत्राचा मोठा फायदा.

माणूस उतरलाच पाहिजे अशी वेळ आली तर: गेट आणि माल ओढणाऱ्या स्क्रूची वीज तोडून कुलूप, किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रवेश नाही. धान्यात धुरीचा फॉस्फीन वायू वेगळा मोजायचा. हार्नेस, वर विंच, विंचवर सतत माणूस. मालावर उभं राहायचं नाही आणि वर लटकणाऱ्या थराखाली तर मुळीच नाही. मालाची अधांतरी कमान कोसळली की माणूस काही सेकंदांत बुडतो.

धुळीबद्दलही. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या ब्लाय इथे धान्याच्या सायलोत धुळीचा स्फोट होऊन ११ जण गेले. त्यातले बहुतेक सायलोला लागून असलेल्या कचेरीत आणि तांत्रिक खोल्यांत होते. स्फोट-झडपा, धान्य वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या बेअरिंगचं तापमान, पट्टा घसरल्याचा सेन्सर हे सगळं हवंच, पण कचेरी सायलोपासून दूर ठेवणं त्याआधी.

सिमेंटघर

ओल्या धान्याबद्दल एक ओळ. दाणा फुगला की भिंतीवरचा दाब हिशोबापेक्षा कितीतरी वर जातो, आणि आंबलं तर तापतं. बैरूत बंदरातल्या सायलोत २०२० च्या स्फोटानंतर अडकलेलं धान्य आंबून २०२२ च्या जुलैत धुमसत राहिलं आणि उत्तरेचा भाग कोसळू लागला. छताची जलरोधक पट्टी आणि मॅनहोलचं पॅकिंग पावसाआधी बघा. धान्याचं तापमान मोजणाऱ्या केबलचं रोजचं वाचन लिहा.

नवखा

शेवटचा प्रश्न. भेग ०.२ मिमीची आहे, पण वाढतेय की नाही हे कसं कळणार?

भेगमापक

भेगेच्या दोन्ही बाजूंना १०० मिमी अंतरावर स्टेनलेस पिना चिकटवा आणि यांत्रिक गेजने अंतर मोजा. प्रत्येक वेळी दोन वाचनं: सायलो पूर्ण भरलेला असताना आणि रिकामा असताना. दोन्ही पहाटे, ऊन चढायच्या आधी, कारण उन्हाने तापलेली भिंत भेग बंद करून दाखवते. शेजारच्या धड भिंतीवरही एक पिनांची जोडी ठेवा, तापमानाचा फरक त्यावरून वजा करता येतो.

भरल्यावर उघडते आणि रिकामं झाल्यावर तितकीच मिटते, अशी भेग सळी सांभाळतेय. रिकामं झाल्यावरही दर फेरीला थोडी जास्त उघडी राहत असेल, तर लॅप सरकतोय किंवा सळी लवचीकतेची मर्यादा ओलांडतेय. तेव्हा पुढचा भरणा लगेच अर्ध्या उंचीवर आणा आणि त्याच पट्ट्यात वर-खाली पाच मीटर रडार फिरवून रिंगा मोजा.